हलव्याचा काटा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरगावच्या कोणी विदुषी येतात, त्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा मंडळाने असे ठरवले की, आपल्यापैकीच एकीने तिला जे काम येते त्यावर बोलावे. माझ्या वाट्याला हलव्याचे दागिने आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे पुस्तकी बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. पण पुष्कळ वर्षे दर पौषात शेगडीपुढे परात घेऊन बसते आहे, त्या आधाराने चार गोष्टी सांगते. त्यांतली शेवटची गोष्ट काही जणींना रुचणार नाही. तीही शांतपणे ऐकून घ्यावी, अशी आधीच विनंती करून ठेवते.

गेल्या संक्रांतीला आपल्याच एका तरुण सभासद भगिनीने मला विचारले, "ताई, नागपूरच्या बाजारात तयार दागिने मिळतात, मोबाईलवरून मागवले तर घरपोच येतात. मग आठ-आठ दिवस बोटे भाजून घ्यायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्या सुनेला सकाळी डबे करून कामावर जायचे आहे तिने विकत आणले तर त्यात काही वावगे नाही. पण बाजारातून आणायचे तरी ते कोणाच्या तरी हातचेच असते. तो हात कोणाचा, हे पाहायची आपल्याला सवय नाही. आजचे माझे बोलणे त्या हाताबद्दल आहे.

आधी साखरेबद्दल दोन शब्द. साखर ही मुळात आपल्याच देशाची. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे बारीक खडे, वाळू. उसाचा रस आटवून जे खडे झाले त्यांनाही तेच नाव मिळाले. हा शब्द इराणात गेला, अरबांच्या देशात गेला, तेथून युरोपात पोचला. इंग्रजीतला 'शुगर' हा त्याच घराण्यातला. हर्षवर्धन राजाच्या काळी, म्हणजे सन ६४७ मध्ये, चीनच्या बादशहाने आपल्या मगध देशी माणसे पाठवली आणि साखर करण्याची विद्या शिकून घेतली, असे चीनच्या जुन्या इतिहासात लिहिलेले आहे. आणि मौज पाहा, आज हिंदी बोलणारी माणसे पांढऱ्या साखरेला 'चिनी' म्हणतात. विद्या इकडून तिकडे गेली आणि नाव तिकडून इकडे आले. शेजारणी-शेजारणींची वाटी अशीच जाते-येते. गेलेली वाटी कोणी रिकामी परत पाठवीत नाही.

त्या चिनी लोकांनी साखरेचे पुढे काय केले, हे मला माझ्या मुलीने मोबाईलवर दाखवले. त्यांच्याकडे सिच्वान म्हणून एक प्रांत आहे. तेथे रस्त्याच्या कडेला कारागीर बसतो. त्याच्यापुढे संगमरवराची गुळगुळीत फरशी आणि शेजारी शेगडीवर साखरेचा पाक. पितळेच्या लहानशा पळीने तो पाकाची धार फरशीवर सोडतो आणि त्या धारेनेच चित्र काढतो. कधी मासा, कधी पक्षी, कधी मोठा नाग असावा तसा त्यांचा ड्रॅगन. हात थांबला की धार तुटली, म्हणून एका दमात काढायचे. वर बांबूची काडी ठेवायची, पाक वाळला की पातळ पात्याने चित्र अलगद सोडवायचे आणि मुलाच्या हातात द्यायचे. जवळ एक चक्री असते. मुलाने काटा फिरवायचा, काटा ज्या प्राण्यावर थांबेल तो त्याचा. ड्रॅगन आला की मुले नाचतात. दुसरे कारागीर असे आहेत की, ते गरम चिकट साखरेचा गोळा घेतात, त्याची बारीक नळी ओढतात, तोंडाने फुंकून त्याचा फुगा करतात आणि त्या फुग्याचे डुक्कर नाही तर कोंबडा घडवतात. आपल्याकडचा सोनार फुंकणी वापरतो, तसे हे साखरेचे सोनारकाम म्हणा. चेंगडू शहरातल्या या साखरचित्रांना तेथल्या सरकारने २००८ साली देशाच्या जपून ठेवण्याजोग्या कलांच्या यादीत घातले.

हे पाहून मुलगी म्हणाली, "आई, आपल्याकडे असे काही नाही ना?" आहे बाई, पुष्कळ आहे. आपण त्याला कला म्हणत नाही, इतकेच.

बत्तासा पाहा. पाकात चिमूटभर सोडा घालून तो थेंब-थेंब कापडावर सोडला की फुगतो आणि आतून जाळीदार होतो. गडावर रामरायाला आपण तो नारळाबरोबर वाहतो. पण सगळे थेंब एकसारखे पाडणाऱ्या हाताकडे कोणी पाहिले आहे? होळीला आपल्याकडे लहान मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतात, आणि पाडव्याला त्याच गाठी कडुलिंबाच्या पाल्याबरोबर गुढीला बांधतात. त्या करणारी कुटुंबे होळीच्या महिनाभर आधीपासून भट्टी लावतात. लाकडी साचे पाण्यात भिजवायचे, साच्यात दोरा ताणून ठेवायचा, वरून उकळता पाक ओतायचा आणि थंड होताच साचा उघडायचा. दोरा जरा ढिला राहिला तर माळ हातात तुटते. पाक जरा जास्त शिजला तर गाठी पिवळ्या पडतात. काही ठिकाणी पांढरेपणासाठी रंगकाट पावडर टाकतात, तेवढे मात्र पाहून घ्यावे. फार पांढऱ्या शुभ्र गाठीपेक्षा किंचित मळकट गाठी मुलाच्या पोटाला बरी.

आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेतला तो बाहुलीवाला आठवतो का? आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्या जणींना आठवत असेल. उंच बांबू, बांबूच्या टोकाला टाळ्या वाजवणारी बाहुली आणि बांबूला गुंडाळलेला गुलाबी-पांढऱ्या साखरेचा चिकट गोळा. पैसे दिले की तो त्यातून दोर ओढायचा आणि बघता बघता मनगटावर घड्याळ बांधायचा. कोणाला मोर, कोणाला अंगठी, कोणाला विंचू. घड्याळ आधी मिरवायचे आणि मग चाटायचे. पुढे लोक म्हणू लागले, उघड्यावरचे, हाताळलेले, धुळीचे. म्हणणे खोटे नव्हते. पण आपण त्याला काचेचे झाकण घे, हात धू, असे सांगितले नाही. आपण नुसते घेणे बंद केले. आता तो बाहुलीवाला क्वचितच दिसतो. चीनच्या त्या कारागिरात आणि आपल्या बाहुलीवाल्यात कसबाचा फरक मला तरी फारसा वाटत नाही. फरक इतकाच की, त्याच्याभोवती लोक उभे राहिले आणि याच्यापासून बाजूला झाले.

आता हलव्याकडे येते. बत्तासे, गाठी आणि बाहुलीवाला हे बाजारातले. हलवा हा आपल्या स्वयंपाकघरातला, बायकांच्या हातचा. शिऱ्याला काही लोक हलवा म्हणतात, तो हा नव्हे. हा संक्रांतीचा काटेरी हलवा.

कृती सांगते. नव्या मुलींनी लिहून घ्यावी. आत घालायला तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, बडीशेप, खरबुजाच्या सोललेल्या बिया, शेंगदाणे, यांपैकी जे करायचे ते निवडून, हलके भाजून घ्यावे. प्रत्येकाचा हलवा वेगळा करावा, एकत्र करू नये. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून उकळी आणावी. उकळी आली की दोन चमचे दूध घालावे, म्हणजे साखरेतली मळी वर येते. ती काढून टाकावी आणि पाक स्वच्छ फडक्यातून गाळावा. लिंबाचे चार थेंब पिळावेत. पाक बोटात धरला तर कच्ची एक तार दिसावी, पक्की नको.

मग कोळशाची शेगडी घ्यावी, निखाऱ्यांवर राख पसरून आच अगदी मंद करावी. गॅसवर करणाऱ्यांनी परातीखाली जाड तवा ठेवावा. परातीत चार चमचे तीळ पसरावेत. त्यांवर अर्धा चमचा पाक सोडावा आणि बोटांनी, तळव्याने, हलक्या हाताने गोल गोल फिरवीत राहावे. दाणे मोकळे होऊन वाळले की पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा फिरवायचे, पुन्हा वाळवायचे. दोन-तीन तास झाले की त्या दिवसापुरते थांबावे. दाणे फडक्यावर पसरावेत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसावे. पहिल्या दिवशी दाणा नुसता खडबडीत होतो. पुढे दोन-तीन दिवसांनी त्याला अंकुर फुटावा तसा काटा दिसू लागतो. चार-पाच दिवसांत दाणा टपोरा होतो.

काटा का येतो, असे मला पुष्कळ जणी विचारतात. परातीत दाण्याला दाणा टेकतो आणि सुटतो. टेकल्या जागी ओल्या पाकाचे बारीकसे टोक उरते. ते वाळते. पुढचा थेंब त्याच टोकाला धरून वाळतो. असा थरावर थर चढतो आणि टोक वाढते. म्हणून घाई उपयोगाची नाही. पाक एकदम जास्त घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली तर पाक दाण्यावर न बसता परातीलाच कोरडी साखर होऊन बसतो. हात जोराचा पडला तर आलेला काटा झडतो. आणि थंडी हवी, तीही कोरडी. आपल्याकडची पौषातली पहाट यासाठी फार चांगली. आभाळ आले की काटा आलाच म्हणून समजू नका. कालिदासाचा मेघ आषाढात रामगिरीवर यावा, त्याचे स्वागतच आहे. पण पौषात आला की हलवा करणाऱ्या बाईच्या कपाळाला आठी पडते.

हलवा झाला की दागिने. खसखशीचा बारीक दाणा नथीला, झुब्यांना आणि मंगळसूत्राच्या मण्यांना. तिळाचा आणि साबुदाण्याचा बांगड्या, पाटल्या आणि हारांना. लवंगेचा लांबट दाणा पाकळीसारखा लावता येतो, म्हणून तो वेणीच्या फुलांना आणि बाजूबंदाला. खरबुजाच्या बीचा चपटा दाणा कंबरपट्ट्याला. पुठ्ठा कापावा, त्यावर काळे किंवा लाल कापड बसवावे, कडेने जर लावावी आणि दाणे दोऱ्याने बांधीत, डकवीत जावे. काटा जाऊ नये म्हणून दाणा चिमटीत नुसता धरायचा, दाबायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि त्यावर हे पांढरे दागिने घातले की ती कशी दिसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जावयाला हार, नारळ आणि गुच्छ. लहान बाळाच्या बोरन्हाणाला, ज्याला कोणी लूटही म्हणतात, मुकुट, बासरी, बाजूबंद आणि हार. मग बोरे, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतायचे आणि पोरांनी ते लुटायचे. अलीकडे कोणी जावयाला हलव्याचा मोबाईलही करून मागतात. तोही करून देते. बाहुलीवाला घड्याळ करायचा, आम्ही मोबाईल करतो, काळाप्रमाणे चालायचेच. डकवलेले दाणे मात्र खाऊ नयेत, खायचा हलवा निराळा काढून ठेवावा. आणि दागिने पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवले तरी पावसाळ्यात ते पाणी सुटून जातात. सोन्याचा दागिना पिढ्यान् पिढ्या राहतो, हा सहा महिने राहत नाही. तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. म्हणून दागिना जपून ठेवण्यात अर्थ नाही. जपायचा तर करणारा हात जपायला पाहिजे.

आता ती शेवटची गोष्ट.

मला हे काम आमच्या आळीतल्या एका मावशींनी शिकवले. त्यांचे नाव मी सांगत नाही, आणि ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ते येथे घेऊ नये. मावशी आता नाहीत. ऐन तिशीच्या आतच त्यांच्या कपाळाचे कुंकू गेले. एक मुलगा होता. पापड, कुरडया आणि पौषात हलवा, यांवर त्यांनी त्याला वाढवले आणि नोकरीला लावले. त्यांच्या हलव्याचा काटा असा येई की, दाणा तळहातावर घेतला तर टोचे आणि जिभेवर ठेवला तर विरून जाई. आळीतल्या कितीतरी सुनांची पहिली संक्रांत मावशींच्या दागिन्यांनी झाली. दागिन्यांचा डबा घेऊन त्या मागच्या दाराने येत. "हार आधी बांधा, मुकुट शेवटी, तो जड आहे," असे सांगत आणि पुढच्या खोलीत बायका जमायच्या आत घरी जात. त्यांना कोणी जा म्हणत नसे. कोणी थांबाही म्हणत नसे.

पुढे त्यांना नातू झाला. त्याच्या बोरन्हाणाला त्यांनी आठ दिवस खपून मुकुट केला. तसा मुकुट मी आजवर पुन्हा पाहिला नाही. खसखशीच्या दाण्याची बारीक महिरप आणि मध्ये मोराचे पीस. समारंभाच्या दिवशी पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. बाळाला पाटावर बसवले, आणि आलेल्या पाहुण्यांतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मावशींना हळूच सांगितले, "तुम्ही जरा आत बसा." मावशी काही न बोलता आत गेल्या आणि त्यांनी चाळीस माणसांचा चहा चुलीवर चढवला. बाहेर मुकुट कोणाला नीट बांधता येईना. तो बाळाच्या डोळ्यावर घसरला आणि बाळ रडू लागले. तेव्हा कोणीतरी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "मावशी, दोरा कुठून घ्यायचा?" आतून उत्तर आले, "कानामागून घ्या. हनुवटीखालून नको, त्याला टोचेल."

मी त्या दिवशी तेथे ताटे लावीत होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

कोणी म्हणेल, तुम्ही हलव्यावर बोलायला उभ्या राहिलात, हा दुसराच विषय काढलात. नाही भगिनींनो, हा हलव्याचाच विषय आहे, आणि तो कसा ते सांगते. मावशींना शिकवायची फार हौस होती. पैसेही घेत नसत. पण नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे काम म्हणून कित्येक घरांनी आपल्या मुली-सुना त्यांच्याकडे शिकायला पाठवल्या नाहीत. त्यांनी केलेले दागिने चालत, त्यांच्यापाशी बसून शिकणे चालत नसे. त्याचा परिणाम असा झाला की, आज आमच्या आळीत काटेरी हलवा येणाऱ्या आम्ही तिघीच उरलो आहोत. आपण म्हणतो, बाजारामुळे कला बुडाली, मोबाईलमुळे बुडाली, मुलींना वेळ नाही म्हणून बुडाली. ही सगळी कारणे खरी आहेत. पण आमच्या आळीत ती त्याच्या आधीच बुडायला लागली होती, आणि ती आम्ही आमच्या हाताने बुडवीत होतो. जिच्याजवळ विद्या होती तिला आत बसवले आणि बाहेर बसलेल्यांना दोरा कुठून घ्यायचा ते ठाऊक नव्हते.

रूढी जुनी आहे, असे उत्तर येईल. जुने पाहायचे तर आपल्या गावाइतके जुने पाहायला कुठे जायचे? आपल्या शेजारचे नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन, असे विद्वान सांगतात. साधारण सोळाशे वर्षांपूर्वी तेथे प्रभावतीगुप्ता नावाची राणी होती. गुप्तांच्या घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची बायको. नवरा लवकर वारला आणि मुले लहान होती. तिने राज्यकारभार हाती घेतला आणि मुले मोठी होईपर्यंत चालवला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा ताम्रपट सापडला. ते दान तिने रामगिरिस्वामींच्या चरणांपाशी दिले असे त्यात कोरले आहे, आणि तो रामगिरी म्हणजे आपला हा गड. अलीकडे नगरधनला झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. म्हणजे ज्या गडाच्या पायथ्याशी आपण राहतो त्या गडावर एका विधवा बाईने आपल्या नावाने, आपल्या हाताने दान दिले. तिला कोणी आत बसा म्हटले नाही. आणि आपण तिळाच्या दोन दाण्यांसाठी शेजारणीला आत बसवतो.

फार जुने नको असेल तर अगदी कालचे सांगते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्या ठरावाचा कित्ता गिरवायला सांगणारे परिपत्रक काढले. एका खेड्याने हे केले. आपण तर तालुक्याच्या गावी राहतो आणि मंडळ चालवतो.

मी कोणाच्या देवघरात हात घालत नाही. ज्या घरी जशी श्रद्धा असेल तसे त्यांनी करावे. घरच्या वडीलधाऱ्यांशी भांडण काढा, असेही मी कोणाला सांगत नाही. पण मंडळ हे आपले सगळ्यांचे घर आहे, आणि या घरात कोणाला आत बसवायचे नाही एवढे तर आपण ठरवू शकतो. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिली सूचना अशी की, संक्रांतीच्या आधी दोन आठवडे मंडळाच्या खोलीत हलव्याचा वर्ग घ्यावा. पहाटे दोन तास, परात आणि शेगडी ज्याची त्याने आणावी, साखर मंडळाने द्यावी. मी येईन, आणि आळीतल्या आम्ही तिघीही येऊ. आपल्या गावात ज्या ज्या विधवा भगिनींना हे काम येते त्यांना शिक्षिका म्हणून मानाने बोलवावे, त्यांना मानधन द्यावे, आणि नाव फळ्यावर लिहावे.

दुसरी सूचना अशी की, मंडळातर्फे दागिन्यांच्या मागण्या घ्याव्यात. मागणी घेताना दागिना कोणाच्या हातचा, ते डब्यावर नाव घालून द्यावे, आणि आलेल्या पैशातला मोठा वाटा त्या बाईच्या हातात पडावा. नागपूरच्या दुकानात आपल्याच कोणा बहिणीच्या हातचा माल बिननावाने विकला जातो. तो नावानिशी विकला तर तिची चूलही पेटेल आणि मानही राहील.

तिसरी सूचना तुम्ही ओळखलीच असेल. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला आपण आजवर हळदीकुंकू म्हणतो. यंदा पत्रिकेवर तिळगूळ समारंभ असे छापावे, आणि पत्रिका गावातल्या सगळ्या बायकांना जावी. लग्न झालेली, न झालेली, नवरा असलेली, नसलेली, सोडलेली, सगळ्यांना. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना. कुंकू ज्यांना लावून घ्यायचे असेल त्यांना लावावे, ज्यांना नको असेल त्यांना आग्रह करू नये. आणि त्या दिवशी नव्या सुनांना जे दागिने घालायचे ते ज्यांनी केले त्यांनीच, आपल्या हाताने, सगळ्यांसमोर घालावेत.

पहिल्या वर्षी काही जणी येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. काही जणी येतील आणि अवघडून बसतील. ज्यांना बोलावले त्याही कदाचित यायला कचरतील, कारण इतकी वर्षे आत बसायची सवय आपणच त्यांना लावली आहे. म्हणून नुसती पत्रिका टाकून भागणार नाही. प्रत्येकीच्या घरी दोघींनी जाऊन, दारात उभे राहून बोलावणे करावे. एका वर्षात फार होणार नाही. हलव्यालाही पहिल्या दिवशी काटा येत नाही. आच मंद ठेवून, अर्धा-अर्धा चमचा करून, हात न थांबवता बसावे लागते.

पौषाला अजून अवकाश आहे. पण कोळसे आत्ताच सांगून ठेवलेले बरे, आणि साखरही चांगल्या दाण्याची पाहून घ्यावी लागेल. ज्यांना वर्गाला यायचे असेल त्यांनी आपली नावे आज जाताना चिटणीसबाईंकडे द्यावीत. ज्यांच्या शेजारी, आळीत, नात्यात हे काम येणारी कोणी मावशी, काकू, आजी असेल त्यांनी तिचे नाव आधी द्यावे, स्वतःचे मागून दिले तरी चालेल.